माझ्याच गालाचा काप

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही धड नाही. पण मेणात बसवलेल्या मांसाचा काप माझ्याइतका पातळ काढणारा माणूस त्या काळी नागपुरात दुसरा नव्हता. हे मी आजही कोणाच्याही तोंडावर म्हणीन.

आमचं घर विणकरांचं, इतवारीच्या मागच्या गल्लीत. धंदा बसला तेव्हा धरमपेठेत कॅन्सरवर संशोधन करणारी एक संस्था नवीनच निघाली होती. तिथं झाडझूड करायले लागलो. संस्थेचे पहिले प्रमुख एक म्हातारे डॉक्टर होते. एकदा टेबल पुसताना मी पडलेली मेणाची पट्टी न मोडता उचलली, ते त्यांनी पाहिलं.

"पहिले काय करत होता?"

"माग चालवत होतो जी."

"मग झाडू ठेव. इकडं बस."

काप काढायचं मशीन साधंच. चाक फिरवलं की आत तुकडा बसवलेली मेणाची वडी पात्यावरून उतरते आणि काप सुटतो. एकाला एक चिकटून रिबीन निघते. ती कोमट पाण्यावर सोडायची, काचेवर उचलायची, मग रंगवायची. जोरात श्वास सोडला तरी उडून जाते, म्हणून पंखा बंद. मे महिन्यातही बंद. वडी बर्फावर, आणि आम्ही घामात.

पहिली रंगवलेली काच डॉक्टरांनी मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि म्हणाले, पाहा. मी डोळा लावला तो काढलाच नाही. जांभळे ठिपके, गुलाबी जमिनीवर, रांगेनं लागलेले. माणसाच्या आत इतकी नीट मांडणी असते हे मले कोणी सांगितलं नव्हतं. एका कोपऱ्यात मात्र रांग मोडली होती. ठिपके लहानमोठे, कुठंही घुसलेले.

"हाच का जी तो कॅन्सर?"

"हाच."

"असा काहून होते?"

"पूर्ण माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "त्यासाठीच तर बसलो आहोत."

एवढा शिकलेला माणूस 'माहीत नाही' इतकं सहज म्हणतो, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. आमच्या गल्लीत कोणी म्हणत नव्हतं. मीही नाही.

त्यांच्यानंतर प्रमुख म्हणून बाई आल्या. अंगानं लहानशा, जाड भिंगाचा चष्मा. एकदा त्यांचं दोन वर्षांचं काम चुकीचं निघालं. बाईंनी सगळ्यांना बोलावलं, "चूक माझी आहे," म्हणाल्या, आणि दुसऱ्या सकाळी पहिल्या काचेपासून सुरू केलं. विणलेलं उकलताना माणसाचा जीव कसा जातो, ते मले ठाऊक. त्या दिवशी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, तो भाग वेगळा.

आमच्याकडे येणारे तुकडे बहुतेक तोंडाचे. आणि माझ्या डाव्या गालात तंबाखू. मागावर विडी चालत नाही. सूत पेट घेते, आणि हातही मोकळे नसतात. म्हणून चुना लावून गालात ठेवायची, बापानंही तेच केलं. बाई टोकायच्या, "रोज हेच कापता, तरी?"

"बाई, यानं हात थिर राहते," मी म्हणायचो. माझ्या हाताची गरज त्यांना होती, म्हणून मी माजलो होतो.

एक दिवस त्यांनी मले खिडकीजवळ उभं केलं. "तोंड उघडा." आत पांढरा चट्टा होता. दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं. तिथं गालाचा तुकडा काढला, टाके घातले, आणि तो तुकडा बरणीतून, बाकीचे येतात तसाच, आमच्या संस्थेत आला.

घरी बायको म्हणाली, "इतके दिवस लोकाईचे गाल कापले, आता आपला कापा." म्हणाली आणि मग चुलीकडे तोंड करून बसली.

बाईंनी सांगितलं, "हा तुम्ही कापायचा नाही."

"मग कोण?"

"दुसरं कोणी कापेल."

"दुसऱ्याच्या हातानं फाटते. मग तुम्हाले काय दिसन?"

"तुमचा हात थरथरला तर?"

"थरथरला तर उठीन."

बाईंनी स्वतः जाऊन पंखा बंद केला.

गालात टाके होते, तंबाखू ठेवताच येत नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी रिकाम्या तोंडानं मशीनवर बसलो. चाक फिरवलं. रिबीन अखंड निघाली. हात थिर होता. आनंद व्हायले पाहिजे होता, पण मले शरम वाटली. इतकी वर्षं बाईंना खोटं सांगत होतो.

काच रंगवली, वाळवली, बाईंना दिली. काचेवर नाव नसते, नुसता नंबर. बाई मायक्रोस्कोपवर वाकल्या. मी उभाच. बाहेर रस्त्यावर कोणी आंबे विकत होता, त्याचा आवाज लांब जाईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"या. पाहा."

वरच्या थरात रांगा मोडल्या होत्या. माझ्याच त्या. खाली एक बारीक रेघ होती, काठासारखी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"ती रेघ ओलांडली की कॅन्सर," बाई म्हणाल्या. "मी सगळे काप पाहिले. कुठेच ओलांडलेली नाही. काप फाटला असता तर मला हे सांगता आलं नसतं."

मी पुन्हा डोळा लावला. मरण आणि मी, मध्ये एवढीशी रेघ. आणि ती वाचता येणारी बाई माझ्या बाजूला उभी, कपाळावरचा घाम पदरानं पुसत. खिशातली तंबाखूची डबी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती कागदांवर वजन म्हणून ठेवून घेतली. चट्टा पुढं दवाखान्यात पूर्ण काढला.

बाईंनंतर एक तरुण साहेब प्रमुख झाले. ते नव्या लोकांना शिकवताना तीच काच लावायचे. एकदा म्हणाले, "काय सुंदर काप आहे. कोणी काढला?"

"मी जी."

"या पेशंटचं पुढं काय झालं, कोणाला माहीत आहे का?"

"आहे अजून," मी म्हटलं. "तुमचं पाहून झालं असन तर पंखा लावतो."