एकाच हाताचा पोपट

घरात केबल आली आणि पोपट मागच्या खोलीत गेला.

तंजावरच्या त्या घरात मी स्वयंपाकाला होते. सांगलीकडून आलेली, सातवीत शाळा सुटलेली. आक्का घरच्या मालकीण, पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच मराठी घराणं. नातवंडांना मराठी समजायचं, पण बोलायची सगळी तमिळ. निदान पोपटाला तरी आक्कांनी ‘या, बसा’ शिकवलं होतं. दिवसभराच्या टीव्हीनं ते बिघडेल म्हणून त्यांनी पिंजरा भाताच्या पोत्यांशेजारी नेऊन ठेवला. पोरांना तिकडं जायची बंदी. मी दाणापाणी घालायचं, पण तोंड मिटून.

“तुझी बोली त्याच्या कानावर घालू नको,” आक्का म्हणाल्या. “बाजारात भांडल्यासारखी बोलतीस.”

महिन्याभरात त्यानं छातीवरची पिसं उपटून काढली. तो ओरडायचा, आक्का धावत जाऊन पिंजऱ्यावर काठी आपटायच्या, मग तो आणखी ओरडायचा. एकदा दाणे घालताना त्यानं माझा अंगठा फोडला. तो मेला असता तरी मला चाललं असतं. पण आक्कांनी बजावलं होतं, “ते मेलं तर तूही गाडी धर.” गाडी धरून जाणार कुठं? परत येऊ नको, असं भावानं तोंडावर सांगितलं होतं. या बाईनं मला जागा दिली, दोन वेळचं ताट दिलं, ते मी आजही विसरत नाही. तिच्यावर मनात दातओठ खात मी तिचंच अन्न खात होते.

देवळाच्या भिंतीशी एक पोपटवाला ज्योतिषी बसायचा. त्याचा पोपट बाहेर यायचा, चिठ्ठी ओढायचा, भाताचा एक दाणा घ्यायचा आणि आपण होऊन आत जायचा. भाजी आणताना मी रोज बघत उभी राहायची. एक दिवस म्हातारा तमिळमध्ये खेकसला, “भविष्य विचारायचं नाही, मग काय बघतीस?” तोवर तेवढं कळायला लागलं होतं. मी अंगठा दाखवला.

“एकटा ठेवलाय?”

“हो.”

“मग चावणार नाही तर काय ओवाळणार तुला?” तो म्हणाला. “आपलं काम घेऊन त्याच्याजवळ बस. त्याच्याकडं बघू नको. ओरडला तर जाऊ नको, गप्प झाला की जा. जवळ आला की एकच दाणा. आणि घरातल्या सगळ्यांच्या हातून दे. थव्यातलं पाखरू आहे ते. एकाच माणसावर ठेवशील तर मारशील.”

दुपारी आक्का आडव्या झाल्या की मी चिंच घेऊन पिंजऱ्याशी बसू लागले. गप्प बसायचं ठरवलं होतं, पण चिंचोके काढता काढता तोंड सुटायचं. आक्कांना नाही नाही ते बोलायची. पोपट मान वाकडी करून ऐकायचा. काही दिवसांनी त्यानं त्याच अंगठ्यावरून दाणा उचलला, न चावता. पोंगलपर्यंत छाती पुन्हा हिरवी झाली.

पोंगलला पाहुणे आले तेव्हा आक्कांनी पिंजरा बाहेरच्या खोलीत मांडला. माझे शब्द त्याच्या तोंडून आले तर? पण तो काहीच बोलला नाही. ‘या, बसा’सुद्धा नाही. आक्कांनी दाणा पुढं केला तर त्यानं बोटच फोडलं. मी जवळ गेले तशी खाजवून घ्यायला मान खाली घातली.

“तुलाच ओळखतंय मेलं,” आक्का म्हणाल्या. “राहा मग.”

म्हाताऱ्याचं शेवटचं सांगणं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मोठी नात हळूच विचारायची, “मी देऊ एक दाणा?” मी म्हणायची, “बोट तुटेल.” तुटलं नसतं.

दोन वर्षांनी आई आजारी पडली म्हणून आठ दिवस गावी गेले. परत आले तर पोपटाची छाती उघडी. आक्का बाहेरच्या खोलीत पिंजऱ्यापुढं बसलेल्या, बोटाला चिंधी, मांडीवर दाण्यांची वाटी.

“कसं करतीस ते मला दाखव,” त्या म्हणाल्या.

मी पिंजरा उचलला, मागच्या खोलीत नेला आणि आतून दार लावलं.