लॅबमधला बंद पंखा

मंडळी, आज भाचीला डबा द्यायला विद्यापीठातल्या तिच्या लॅबमध्ये गेले होते. बाहेर रणरणतं ऊन आणि आत पंखा बंद! मी बटणाकडे हात नेला, तशी मृणाल ओरडली, "मावशी, नको! औषध उडून जाईल!"

कसलं औषध? उघड्या बाटलीच्या तळाशी कापसासारखं चिमूटभर काहीतरी होतं. हट्टी जंतूंवरचं पेप्टाइड म्हणे, एकेक दुवा जोडून केलेली साखळी. तिची कित्येक महिन्यांची मेहनत तेवढीच.

"लागू पडेल ना गं?"

"बहुतेक नाही," घाम पुसत ती हसली. "मग एक दुवा बदलून पुन्हा करायचं."

आता लग्नकार्यात तिला कोणी "अजून शिकतेच आहेस?" असं विचारलं, तर सांगून ठेवते, गाठ माझ्याशी आहे.