आत्याचा मान मी मोडला

लेक पाच महिन्यांची पोटुशी असताना तिच्या हृदयाची झडप आवळलेली निघाली. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनला मशीनवर घेतलं की आईपेक्षा बाळाला धोका जास्त. पण थांबलो तर दोघंही जातील." मी म्हटलं, करा. तर पुसदच्या आमच्या विहीणबाई वार्डाच्या दारातच बोलल्या, "बाळंतपण होऊ द्या, मंग चिरा तिले. सून दुसरी भेटते, नातू नाही भेटत." लेकीनं ऐकलं ते. मीही ऐकलं अन् मनात गाठ मारून ठेवली.

ऑपरेशनात बाळाचे ठोके मंदावले, मग सावरले. पुढं तीन महिन्यांनी नात वेळेआधी झाली, इवलीशी, पण रडली खणखणीत.

बारसं मी आर्णीला माझ्या घरी केलं. विहीणबाई आपल्या पोरीला नटवून घेऊन आल्या. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा ना! ती पाळण्यावर वाकली, तसा मी हात आडवा घातला.

"थांब बाई. जिच्या छातीवर टाके हायेत, ती सांगन नाव."

"असं जगात कुठं असते काय?" विहीणबाई कडाडल्या.

"माह्या घरी असते."

लेकीनंच नाव सांगितलं. विहीणबाई उपाशी निघाल्या. बाया म्हणाल्या, सोडून द्यायचं होतं. कायले सोडू? मी त्या दिवशी दोनदा जेवले.