माशांचे उजेडमास्तर

“माशांचं काय घेऊन बसलीस, त्यांना पापण्यासुद्धा नाहीत,” असं उजेडमास्तर एकदा आपल्या लेकीला म्हणाले होते. तिच्या दवाखान्यातल्या टाकीवर दिवा कोणता लावायचा, यावरून हा वाद चालला होता.

लेक दातांची डॉक्टर. बाहेरच्या खोलीत बसलेली माणसं आतल्या यंत्राचा आवाज ऐकून अर्धमेली होत, म्हणून तिने भिंतभर लांबीची काचेची टाकी घेतली. तळाला वाळू, मधे एक वाकडा ओंडका, त्याला दोऱ्याने बांधलेली रुंद पानांची दोन-चार झाडं. बाकी सगळं मोकळं पाणी, आणि त्यात काही एंजल मासे नि चिमुकल्या टेट्रांचा थवा. माशांकडे बघता बघता माणसाला दुखऱ्या दाढेचा विसर पडावा, एवढीच तिची अपेक्षा.

दुकानदाराने बजावलं होतं, झाडं मोजकी आहेत आणि ती सावलीत वाढणारी, तेव्हा वरून दिव्याची एक मंद पट्टी लावा, तीही दिवसातले सात-आठ तासच. जास्त उजेड द्याल तर झाडांऐवजी शेवाळ पोसाल. हे मास्तरांच्या कानावर गेलं आणि घरात दोन दिवस अबोला झाला. ज्याने उभी हयात नाटकाच्या थिएटरात दिवे लावले, ज्याच्या एका झोतात सामान्य नटी राणी व्हायची, त्याच्या लेकीला उजेड शिकवणार कोण, तर माशांचं खाणं विकणारा!

मास्तरांचं हे उजेडाचं वेड घराला नवं नव्हतं. स्वतःच्या लग्नात त्यांनी फोटोवाल्याचा दिवा दोनदा हलवायला लावला होता. जेवणाच्या टेबलावरचा दिवा ते बायकोच्या चेहऱ्यावर डावीकडून पडेल असा वळवत, आणि ती म्हणे, “मी दिसतेय तुम्हाला, आता भाजी वाढून घ्या.” थिएटरने निवृत्त केल्यापासून मात्र ते खुर्चीत बसून खिडकीतलं ऊन सरकताना बघत. त्या उन्हातही त्यांना चुका दिसत, पण सांगणार कोणाला?

म्हणून लेकीने टाकी त्यांच्या हवाली केली. दुसऱ्याच दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाले. वर पांढरी झगझगीत पट्टी आणि दोन्ही बाजूंना थिएटरच्या अडगळीतून मिळवलेले एकेक स्पॉट. नाकापेक्षा मोती जड. बाकावर बसून, डोळे बारीक करून त्यांनी तासभर कोन जुळवले. मग सगळे दिवे एकदम लागले. टाकी अशी उजळली की बाकावरच्या आजोबांनी चष्मा काढून पुसला.

आणि मासे गेले. सगळेच्या सगळे ओंडक्यामागे. काचेआड नुसता उजेड पोहत होता.

मास्तर डगमगले नाहीत. नवखे नट पहिल्या प्रयोगाला विंगेत दडून बसतातच, म्हणाले, सवय होईल. आठवडाभराने सवय झाली ती फक्त शेवाळाला. काचेवर हिरवी साय धरली, पानांना दाढी फुटली. मास्तर बाह्या सरसावून रोज काच खरवडत आणि मासे दिसत नाहीत म्हणून स्पॉट आणखी जवळ आणत. एका बाईंनी काउंटरवर विचारलं, मासे मेले का हो? काउंटरवालीने सांगितलं, नाही, लाजाळू जात आहे.

चूक कुठे आहे, हे लेकीला कळत होतं. बाबा दिवे लावत होते ते प्रेक्षकांसाठी, आणि मासे बिचारे नट नव्हते. पण हे बोलायचं कसं? उजेड चुकला म्हणावं तर तो इस्त्रीचा शर्ट पुन्हा कपाटात जाणार, आणि बाबा पुन्हा खिडकीशी. तिने आईला मधे घालून पाहिलं. आई म्हणाली, “सांगायचं तर तू सांग. मी या माणसाच्या उजेडात चाळीस वर्षं जेवलेय.”

मग लेकीने पळवाट काढली. दुपारी दवाखाना बंद असे आणि मास्तर घरी झोपायला जात. ते वळले की काउंटरवाली स्पॉट बंद करी आणि वरच्या पट्टीवर पातळ फडका टाकी. थोड्या वेळात ओंडक्यामागून आधी टेट्रा येत, मग एंजल, बड्या घरच्या बायकांसारखे सावकाश. दोघी त्यांच्यासमोर डबा खात. चारच्या आत पुन्हा सगळे दिवे चालू. दाढदुखीवाल्यांना रिकामी टाकी, आणि खेळ चाले तो या दोघींपुरता.

एके दुपारी मास्तरांना घरी झोप लागेना. ते परत आले.

दार उघडलं तेव्हा खोलीत संध्याकाळसारखा अंधूक उजेड होता. टाकीत सगळे मासे बाहेर होते आणि एक एंजल काचेला नाक लावून डब्याकडे बघत होता. काउंटरवालीचा घास हातातच राहिला. लेक उभी राहिली.

“रोज?” मास्तरांनी विचारलं.

“रोज,” ती म्हणाली. “बाबा, त्यांना पापण्या नाहीत ना, म्हणूनच हो. डोळे मिटून घेता येत नाहीत त्यांना.”

मास्तर बाकावर बसले, दाढ धरून माणसं बसतात त्याच जागी. माशांनी त्यांची दखल घेतली नाही. मग त्यांनी स्टूल ओढलं, दोन्ही स्पॉट काढले आणि वायरी तळहात नि कोपराभोवती गुंडाळल्या. लेक म्हणाली, बाजूचा एखादा राहू द्या हवं तर. तिच्या आयुष्यातलं ते सर्वांत कच्चं खोटं होतं. मास्तरांनी वरची पट्टी हातभर उंच टांगली, फडक्याची घडी मोडून तो नीट ताणून बसवला.

“उद्या काच खरवडायला याल ना?” लेकीने विचारलं.

मास्तर स्पॉट काखेत मारून दारापर्यंत गेले. तिथून वळून त्यांनी डोळे बारीक केले, परत आले, फडक्याचा उजवा कोपरा बोटभर खाली ओढला, आणि बाहेर पडले.