तीन कावळ्यांचा सोमवार

जर्मनीतल्या आमच्या कासेल शहरात सोमवारी बाहेर जेवायला जाऊ, असं कुणी म्हणत नाही. शनिवार-रविवार राबलेल्या खानावळी सोमवारी विश्रांती घेतात. दारं बंद, खुर्च्या टेबलांवर उलट्या, आणि काचेआड एक लहानशी पाटी. याबद्दल कुणाची तक्रार नसते. लोक घरी पाव, चीज आणि लोणच्यातली काकडी खातात आणि मंगळवारची वाट पाहतात. त्यामुळे सोमवारी खानावळ चालवून दाखवणाऱ्या मार्लीस आपेल यांच्याविषयी लिहायचं, तर आधी हे मान्य करायला हवं की त्यांनी सुरुवात केली तेव्हा त्या शहाण्या आहेत असं आमच्या गल्लीत एकालाही वाटलं नव्हतं.

मार्लीसबाईंनी तीस वर्षं याच शहरातल्या वेगवेगळ्या खानावळींत वाढपाचं काम केलं. डाव्या हातावर चार ताटल्या आणि उजव्या हातात बिअरचे पेले घेऊन त्या टेबलांमधून अशा चालत, की गिऱ्हाईक आपणहून पाय आत घेई. सुट्टी सोमवारची. एका वर्षी त्यांचा पन्नासावा वाढदिवस सोमवारी आला. नवऱ्याने, ट्राम चालवणाऱ्या विनफ्रीडने, नवा शर्ट घातला, यांनी मोत्यांची माळ घातली, आणि दोघं जेवायला निघाले. एक दार बंद, दुसरं बंद, तिसरंही बंद. शेवटी स्टेशनाबाहेरच्या टपरीवर सॉसेज आणि पाव खाल्ला. जन्मभर उभ्याने वाढलं आणि वाढदिवसाचं जेवणही उभ्यानेच झालं. हे त्या हसत सांगत, पण ती मोत्यांची माळ त्यांनी पुन्हा बाहेर काढली नव्हती.

मी राहतो त्या घराच्या तळमजल्यावर ‘तीन कावळे’ नावाची खानावळ आहे. वेलहायडन भागातली, जुन्या लाकडी बाकांची, बारा टेबलांची. तिचा म्हातारा चालक दोन वर्षांपूर्वी दमला आणि त्याने किल्ल्या परत केल्या. घराच्या मालकीणबाई क्नीरीम, वय ऐंशीच्या पुढे, गटिंगनला मुलीकडे राहतात आणि घर दुरूनच सांभाळतात. मार्लीसबाईंनी जागा मागितली तेव्हा त्यांनी आमच्या रीतीप्रमाणे ‘फ्राउ’, म्हणजे श्रीमती, लावून स्पष्ट सांगितलं.

“फ्राउ आपेल, या रस्त्यावर चार खानावळी आहेत आणि चौघांची गिऱ्हाइकं ठरलेली आहेत. नाताळपर्यंत चालवून दाखवा. नाही जमलं तर जागा दातांच्या डॉक्टरांना देते. ते केव्हाचे मागे लागलेत.”

डॉक्टर हेल्विग यांचा दवाखाना रस्त्याच्या त्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय. दात दुखणारी माणसं जिन्यातच निम्मी होत. डॉक्टरांना तळमजला हवा होता, यात गैर काही नव्हतं.

मालकीणबाईंचं म्हणणं खरं ठरलं. मंगळवार ते रविवार लोक आपापल्या ठरलेल्या खानावळीत जात आणि तीन कावळ्यांकडे उरलेसुरले येत. मार्लीसबाईंनी विचार केला की चौघांच्या गर्दीत पाचवं होण्यापेक्षा ज्या दिवशी चौघेही बंद असतात तो दिवस आपला करावा. सोमवार चालला तर खानावळ चालेल, नाहीतर नाही. त्यांनी सुट्टी मंगळवारी घेतली आणि फुटपाथवर घडीचा फळा ठेवला. त्यावर खडूने ठळक अक्षरांत लिहिलं: आज उघडं आहे.

पहिल्या सोमवारी कुणी आलं नाही. दुसऱ्याही नाही. स्वयंपाकघरात विनफ्रीडची बहीण रोझी होती. तिच्या हाताला चव होती आणि जिभेला धार.

“अगं मार्लीस, आज बटाटे सोलू, की नुसती त्यांच्याकडे बघत बसू?”

“सोल.”

“माश्यासुद्धा आल्या नाहीत बघ. त्यांनाही सोमवारची सुट्टी असणार.”

“सोल म्हटलं ना, रोझी.”

खिडकीत उजेड असे, पातेल्यातून वाफ निघे, दारात वास दरवळे आणि लोक फुटपाथवरून सरळ पुढे जात. आमच्या शहरात सोमवारी खानावळीच्या दाराला कुणी हातच लावत नाही. उजेड दिसला तर लोकांना वाटे, बाई फरशी पुसत असतील. फळा दिसला तर वाटे, रविवारचा आत घ्यायचा राहिला. खडूची अक्षरं एक सांगत होती आणि सोमवार दुसरंच. लोकांचा विश्वास सोमवारवर होता.

त्यात आणखी एक गंमत होऊ लागली. मार्लीसबाई फळा बाहेर ठेवत आणि तासाभराने पाहत, तर तो नीट मिटून, दारापुढच्या कोनाड्यात भिंतीला टेकवलेला. त्या पुन्हा बाहेर ठेवत. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. शरद ऋतूत वारा असतोच, पण वारा काही फळा मिटून भिंतीला टेकवून ठेवत नाही. रोझीचं मत पडलं की समोरच्या खानावळीवाल्यांचं काम असणार. “घाबरलेत आपल्याला,” ती म्हणाली. “कशाला ते मात्र कळत नाही.”

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी मार्लीसबाई दारामागे दबा धरून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने एक सद्गृहस्थ आले. आधी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, फळ्याच्या पायाला लागलेलं ओलं पान काढून टाकलं, फळा मिटला, काखेत घेतला आणि दारापुढच्या कोनाड्यात शिरले. मार्लीसबाईंनी दार उघडलं. ते होते ओटमार डिल, पलीकडच्या कोपऱ्यावरच्या सलूनचे मालक, गल्लीतल्या निम्म्या डोक्यांचे जाणकार. श्रीयुत म्हणायला आमच्याकडे ‘हेर’ म्हणतात.

“हेर डिल! तुम्ही?”

“नमस्कार, फ्राउ आपेल. तुमचा फळा दर सोमवारी बाहेरच राहतो हो. कुणी पळवेल, भिजेल. मी आपला जाता जाता आत ठेवतो. आभार मानायची गरज नाही.”

“आभार? अहो, मी तो मुद्दाम ठेवते.”

“सोमवारी?”

“वाचलंत का त्यावर काय लिहिलंय?”

“वाचलं की. ‘आज उघडं आहे.’ म्हणूनच आत ठेवला. उगाच कुणाची फसगत व्हायला नको.”

मार्लीसबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागवावं असं काही त्या चेहऱ्यावर नव्हतं. ते मदतच करत होते. मार्लीसबाईंनी विचारलं, “हेर डिल, तुमचंही दुकान सोमवारी बंद ना? मग जेवता काय?”

“अंडी,” ओटमार म्हणाले. “बायको होती तोवर वेगळं होतं. आता सोमवारी अंडी. उकडलेली, नाहीतर फुटलेली, जशी होतील तशी.”

“आत या.”

“पण आज सोमवार...”

“आत या, हेर डिल. फळा तिथेच राहू द्या.”

त्या दिवशी वेकेवर्क होतं. डुकराच्या मांसात शिळे पाव आणि रस्सा घालून रटरटवायचं, मग तव्यावर कडा कुरकुरीत होईपर्यंत परतायचं. सोबत सालासकट उकडलेले बटाटे आणि लोणच्यातली काकडी. आमच्या भागाबाहेरच्या माणसाला हे दाखवायला आम्ही जरा कचरतो, आणि आपल्या माणसाला ते घरच्यासारखं लागतं. ओटमारनी पहिली ताटली संपवली, दुसरी मागितली आणि पावाच्या तुकड्याने ताटली पुसली. रोझी दारात येऊन पाहत उभी होती.

“गिऱ्हाईक असं दिसतं होय,” ती म्हणाली. “विसरलेच होते.”

ओटमार हसले. मग चमचा खाली ठेवून म्हणाले, “फ्राउ आपेल, तुम्ही चुकीच्या माणसांची वाट बघताय. ऑफिसातल्या माणसाला सोमवारी बाहेर जेवायचंच नसतं. जेवायचं असतं ते आम्हाला. आम्हा केस कापणाऱ्यांना. संग्रहालयातल्या पहारेकऱ्यांना, त्यांची संग्रहालयं आज बंद. नाटकगृहात पडदे ओढणाऱ्यांना. आणि...” त्यांनी समोरच्या बंद खानावळींकडे बोट दाखवलं. “त्या सगळ्या आचाऱ्यांना. आठवडाभर दुसऱ्याला जेवू घालतात, आणि आज?”

मार्लीसबाईंना मोत्यांची माळ आठवली असणार. त्या एवढंच म्हणाल्या, “आज उभ्याने सॉसेज. मला ठाऊक आहे. पण त्यांना सांगणार कोण?”

“ते माझ्यावर सोडा.”

सलूनच्या खुर्चीत गळ्याभोवती कापड बांधून, मान खाली घालून बसलेल्या माणसाला ऐकण्यावाचून इलाज नसतो. ओटमारनी त्या आठवड्यात कात्री थोडी सावकाश चालवली. पुढच्या सोमवारी ते आणखी तीन सलूनवाले घेऊन आले. त्यानंतरच्या सोमवारी प्रागैतिहासिक भांड्यांच्या दालनातले दोन पहारेकरी आले. दिवसभर कुणाशी बोलायला न मिळणारी ती माणसं इथे आली की थांबतच नसत. मग नाटकगृहातले आले, आपल्याबरोबर मोठे आवाज घेऊन. आणि नोव्हेंबर लागता लागता समोरच्या खानावळीचा आचारी लुट्झ दारात उभा राहिला. दोन्ही खिशांत हात, भुवया वर.

“बघायला आलोय,” तो म्हणाला.

“बघ की. पण बसून बघ,” मार्लीसबाई म्हणाल्या. त्याच्या हाताखाली त्यांनी सहा वर्षं वाढप केलं होतं.

लुट्झने पहिला घास घेतला. मग स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडला, “रोझी, जिरं घातलंस?”

“तुझ्या आईला विचार!”

“आईच घालायची,” लुट्झ म्हणाला आणि जेवत राहिला.

पुढच्या खेपेला त्याने बाकीचे आचारी आणले. आमच्याकडे रोजच्या माणसांसाठी खानावळीत एक टेबल राखलेलं असतं, तिथे बोलावल्याशिवाय कुणी बसत नाही. आचाऱ्यांनी शेगडीजवळचं टेबल तसं आपलं करून टाकलं आणि वर पितळी पाटी टांगली: सोमवार.

क्नीरीमबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या कानावर होतं ते सप्टेंबरचं: खानावळ रिकामी असते. म्हणून नोव्हेंबरअखेर त्या डॉक्टर हेल्विगना घेऊन जागेचं माप काढायला आल्या. दिवस विचारपूर्वक सोमवारच निवडला, कुणाला अडचण नको म्हणून. मी नेमका जिन्यातून खाली येत होतो. क्नीरीमबाईंनी पर्समधून जुनी किल्ली काढली, दारात घातली आणि फिरवली. दार ढकललं. दार हलेना.

“गंजलंय वाटतं,” त्या म्हणाल्या.

आतून खदखदून हसू आलं. काचेवरची वाफ पुसून ओटमारचा चेहरा दिसला. “बाई, उलटी फिरवा! दार उघडंच होतं, तुम्ही बंद केलंत!”

क्नीरीमबाईंनी किल्ली उलटी फिरवली. दार उघडलं आणि गरम हवा, कांदा, बिअर आणि पन्नासएक माणसांचा आवाज एकदम बाहेर आला. डॉक्टरांच्या हातात मापाची फीत होती. ती धरून ते उंबऱ्यावरच थांबले. टेकवायला भिंत दिसत नव्हती, सगळीकडे माणसं होती.

“आज कुणाचं लग्न आहे का?” क्नीरीमबाईंनी विचारलं.

“नाही,” मार्लीसबाई हातावर चार ताटल्या तोलत म्हणाल्या. “आज सोमवार आहे.”

त्यांनी फीत पाहिली, डॉक्टरांना ओळखलं आणि दोघं कशाला आलेत तेही ओळखलं. मी शेजारीच होतो. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला, पण हातावरची एकही ताटली हलली नाही. ताटल्या टेबलावर ठेवून त्या परत आल्या.

“माप नंतर घ्या. आधी बसा. गार होतंय.”

जागा एकाच टेबलावर होती, पितळी पाटीखाली. डॉक्टर चाचरले. क्नीरीमबाई न विचारता बसल्या, घर त्यांचंच होतं. लुट्झने सरकून डॉक्टरांना जागा दिली.

“बसा, डॉक्टर. मागच्या वर्षी माझी दाढ काढलीत तुम्ही. दुसरी ठीक आहे, तिलाही सांगतो तुम्ही आलात म्हणून.”

डॉक्टर हेल्विग सोमवारी सकाळी आठपासून दुसऱ्यांच्या तोंडात डोकावत होते आणि त्यांच्या स्वतःच्या तोंडात दुपारी एक कोरडं बिस्किट गेलं होतं. त्यांनी पहिला घास घेतला, मग कोट काढला, मग बिअर मागितली. वेकेवर्क संपलं तेव्हा त्यांनी विचारलं, “हे दर सोमवारी असतं?”

“दर सोमवारी,” अख्खं टेबल म्हणालं.

“आणि या भागात दुसरं कुठे?”

“कुठेच नाही,” ओटमार म्हणाले. “आम्ही अंडी खाल्लीत, आम्हाला विचारा.”

डॉक्टरांनी मापाची फीत बोटाभोवती नीट गुंडाळली आणि खिशात टाकली. “फ्राउ क्नीरीम, मला ही जागा नको.”

“अहो, वर्षभर तुम्हीच माझ्या मागे लागला होतात ना?”

“लागलो होतो. पण मी इथे दाढा उपटत बसलो, तर सोमवारी जेवू कुठे?”

सगळ्या टेबलांवरून मुठींचा गजर झाला. आमच्याकडे शाबासकी अशी लाकडावर मूठ आपटून देतात. पेले नाचले. रोझी झारा घेऊन बाहेर आली आणि काय झालं ते कळल्यावर तिने तो झारा लुट्झच्या खांद्यावर मारला, दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

क्नीरीमबाई शांतपणे जेवत होत्या. ताटली संपवून त्यांनी तोंड पुसलं. “फ्राउ आपेल.”

“बोला.”

“काकडी कमी होती.”

“वाढवते.”

“मग दहा वर्षांचा करार करू. माझं वय बघता त्याहून जास्त कबूल करणं बरं दिसणार नाही.”

मार्लीसबाई बाकाच्या कडेवर टेकल्या. कामाच्या वेळी त्या खानावळीत बसलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या. लगेच उठल्याही, कारण खिडकीपाशी कुणीतरी बिअर मागत होतं.

आता सोमवारी जागा आधी सांगून ठेवावी लागते. फळा ओटमार स्वतः बाहेर नेऊन मांडतात. शेजारच्या गल्लीतल्या एक टापटीप आजी अजूनही अधूनमधून तो मिटून आत ठेवतात, आणि ओटमार काही न बोलता पुन्हा बाहेर काढतात. ते म्हणतात, आजींनाही एकदा जेवायला बोलवायचंय, पण त्यांना खरं वाटत नाही.

आणि मंगळवारी तीन कावळे बंद असतं. करार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मार्लीसबाई आणि विनफ्रीड जिन्यापाशी मला भेटले. विनफ्रीडच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता आणि बाईंच्या गळ्यात मोत्यांची माळ. ते समोर लुट्झच्या खानावळीत निघाले होते, मलाही ओढून नेलं. खिडकीतलं टेबल मांडून ठेवलेलं होतं. लुट्झ स्वतः आतून ताटल्या घेऊन आला. त्याला पाहताच मार्लीसबाई सवयीने अर्ध्या उठल्या आणि ताटली घ्यायला हात पुढे केला.

“बस खाली,” लुट्झ म्हणाला. “गार होतंय.”

त्या बसल्या, रुमाल मांडीवर पसरला आणि जेवू लागल्या.