मदत बंद ठेवून

शुक्रवारी संध्याकाळी चहाचा ट्रे घेऊन गुलनार मागच्या खोलीच्या दारात आली, की आतून येणारा आवाज तिला परका वाटायचा. माणूस तोच, तिचे वडील, निवृत्त कर्नल मनुचेहर जर्राबी. एरवी दिवसभर खाकरत, पुटपुटत बोलणारे. पण कानावर हेडफोन चढला, समोरच्या पडद्यावर हेलिकॉप्टरचं पातं फिरू लागलं, की त्यांचा आवाज एकदम ताठ व्हायचा.

"केवान, नाक खाली. घाई नको. माझ्या उजव्या बाजूला राहा."

"राहिलो. बाबा, तू जरा हळू जा की!"

केवान म्हणजे गुलनारचा धाकटा भाऊ. तो कॅनडात, कॅल्गरीला. त्याच्याकडे सकाळ आणि इकडे इराणमध्ये, इस्फहानशेजारच्या शाहीनशहरात संध्याकाळ, अशी वेळ जुळवून बापलेक इंटरनेटवरून एकत्र उडायचे. पडद्यावर दोन हेलिकॉप्टरं एकामागून एक डोंगर ओलांडायची आणि दोघं पोरांसारखे खिदळायचे. केवान बापाला 'तू' म्हणायचा. गुलनारला ते या वयातही जमलेलं नव्हतं. ती 'तुम्ही'च म्हणायची.

"चहा, बाबा."

"ठेव तिथे." मान न वळवता.

ती चहा ठेवायची, पुलकीची, साखरेच्या पातळ चकत्यांची, बशी त्यांच्या हाताला लागेल अशी सरकवायची आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जास्तच आपटायची.

तसं पाहिलं तर तिला कशाची कमी नव्हती. घटस्फोटानंतर ती या घरी परत आली, तेव्हा कोणी डोळे वटारले नाहीत. दातांच्या कवळ्या बनवण्याचं तिचं छोटं दुकान होतं. गावातले निम्मे म्हातारे तिने बसवलेल्या दातांनी जेवत होते. आई गेल्यावर घर तिनेच चालवलं. बाबांच्या हाताला थरथर सुटली तेव्हा डॉक्टर, गोळ्या, पथ्य सगळं तिच्याच अंगावर आलं आणि तिने ते निमूट घेतलं. पण त्या सगळ्यात बाबा तिच्याशी काय बोलायचे? गोळी दिलीस का. गॅसचं बिल आलं का. पालक आज कडू लागतोय. आणि ज्याने दोन वर्षांत एकदाही बापाच्या पायात मोजे चढवले नव्हते, त्याच्याशी ते आभाळाच्या गप्पा मारायचे. मारामारी करावी असं वाटण्याएवढं काही घडत नव्हतं. रोज थोडं थोडं टोचत राहायचं, एवढंच.

ती सगळी सामग्री केवाननेच आणली होती. मागल्या खेपेला सुटीवर आला तेव्हा बॅगेत कपड्यांच्या जागी पायाची पॅडल्स आणि मधला दांडा कोंबून घेऊन आला. बाबांनी पहिल्याच दिवशी दांडा खोलला आणि आतली स्प्रिंग काढून फेकली.

"खऱ्या हेलिकॉप्टरचा दांडा सोडला म्हणून आपला आपण मध्यावर येत नाही. जिथे ठेवाल तिथे राहतो. ही स्प्रिंग पोराटोरांसाठी."

डाव्या हाताचा उचलायचा दांडा मात्र कुठे मिळेना. तो त्यांनी भंगारातल्या पेकान गाडीच्या हँडब्रेकचा केला. खुर्चीचे पाय कापून ती बसकी केली. कोणी 'खेळ' म्हटलं की चिडायचे. "खेळ काय खेळ? डाव्या हाताने यंत्र वर घेतलं की नाक उजवीकडे पळतं, ते पायाने धरायचं. पायाने धरलं की ते एका अंगाला सरकतं, ते उजव्या हाताने आवरायचं. एकाने हालचाल केली की बाकीच्या दोघांना लगेच कळलं पाहिजे. घरातल्या माणसांसारखं."

हे त्यांनी केवानला समजावलं होतं. गुलनार तेव्हा तिथेच केर काढत होती.

दुपारी जेवण झालं की बाबा अंमळ पडायचे. अशाच एका दुपारी, दुकान बंद असताना, गुलनार त्या खुर्चीत बसली. का बसली ते तिलाही सांगता आलं नसतं. बाबांच्या नावाला हात लावला तर कळेल, म्हणून तिने नवा वैमानिक म्हणून स्वतःचं वेगळं नाव घातलं आणि हँडब्रेक उचलला. हेलिकॉप्टर जमिनीवरून फूटभर उठलं, स्वतःभोवती गरकन फिरलं आणि आडवं पडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा पडलं. तिला हसू आलं, मग राग आला.

त्यानंतर ती रोज बसू लागली. कवळीच्या मेणावर सुई चालवताना जसा श्वास धरायचा, तसा धरून ती दांडा केसभर हलवायची. कितीतरी दिवस नुसतं एका जागी अधांतरी उभं राहायला शिकण्यात गेले. ज्या दुपारी ते यंत्र चार श्वास जागेवर उभं राहिलं, त्या दुपारी तिने तोंडावर हात दाबून ओरडणं आवरलं. आणि लगेच मनात आलं, केवानला हे कसं इतकं सहज जमतं? आणि बाबांना, त्या थरथरत्या हातांनी?

म्हणून तिने दुसऱ्या दिवशी बाबांच्या नावाने यंत्र सुरू केलं. उचललं. ते उभं राहिलं. हात सोडला तरी उभंच. वारा नसताना लोंबकळणाऱ्या कंदिलासारखं.

ती सेटिंगच्या पानात शिरली. तिथे ओळीने खुणा केलेल्या होत्या. शेपूट आपोआप धरणे, चालू. तोल आपोआप सावरणे, चालू. हाताची थरथर गाळणे, चालू. सगळी मदत चालू. तिच्या नव्या नावाला यातलं काहीच नव्हतं. ती सगळं मदतीशिवाय शिकली होती, तेही न कळता.

केवानने जाण्याआधी हे करून ठेवलं होतं, उघड होतं. गुलनार त्या खुणांकडे बघत बसली. दया यायला हवी होती. तिला आली ती चीड. म्हणजे हा तिकडे बसून खोटी भेट देतो आणि शाबासकी खिशात घालतो! 'बघ, पोराचा हात बघ कसा मऊ आहे,' असं बाबा गेल्या शुक्रवारीच तिला म्हणाले होते. आणि पोराच्या बाजूलाही हीच मदत चालू नसेल कशावरून?

पुढच्या शुक्रवारी, बाबा झोपलेले असताना, तिने एकेक करून सगळ्या खुणा काढून टाकल्या. खरं ते खरं, असं तिने स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी ती चहा घेऊन दारातच थांबली.

"केवान, उचलतोय."

"चल, बाबा."

पडद्यावरचं हेलिकॉप्टर उठलं, शेपूट सैरभैर झालं आणि ते कोसळलं. बाबांनी दांडा नीट धरला. पुन्हा घेतलं. पुन्हा कोसळलं. तिसऱ्यांदा त्यांचा उजवा हात दांड्यावर इतका थरथरला, की पडद्यावरचं यंत्र तापात फणफणलेल्या माणसासारखं हलू लागलं.

"आज वारा जास्त आहे," बाबा म्हणाले.

"वारा शून्यावर आहे, बाबा," केवान बोलून गेला आणि मग घाईघाईने म्हणाला, "इंटरनेटची गडबड असेल. तू दमलायस का?"

बाबांनी हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. गुलनारच्या हातातला चहा तसाच होता. तिला वाटलं होतं, आत कुठेतरी गार वाटेल. तसलं काही झालं नाही.

ते त्या रात्री जेवले नाहीत. पुढचा आठवडा त्या खोलीकडे फिरकले नाहीत. शुक्रवार आला तेव्हा म्हणाले, "केवानला सांग, मला सर्दी झालीय."

केवानचा फोन गुलनारलाच आला. तो तिला आबजी म्हणायचा, ताई या अर्थाने, पण त्या दिवशी त्यात गोडवा नव्हता.

"आबजी, मदत कोणी बंद केली?"

"कोणी म्हणजे? घरात आम्ही किती माणसं आहोत?"

"का केलंस?"

"खोटं होतं म्हणून. तू त्यांना खुळखुळा देऊन खेळवत होतास."

"मग काय करू? त्यांचा हात बघितलास ना? आठवड्यात एक तास, आबजी. एक तास तो माणूस पुन्हा कर्नल व्हायचा."

"आणि उरलेल्या वेळात कोण असतो, ठाऊक आहे तुला? ते माझ्या वाट्याला येतं. तू ये इकडे, दोन दिवस मोजे घाल, भात भरव, मग मला शिकव."

 मग केवान हळू आवाजात म्हणाला, "तुझ्याकडे ते सबंध आठवडा आहेत. माझ्याकडे एक तास होता. तोही तुला बघवला नाही."

तिने फोन ठेवला. हे खरं होतं म्हणून तिला केवानचा जास्तच राग आला.

मधे बरेच दिवस गेले. दुपारचं उडणं मात्र तिने सोडलं नाही. खरं तर लाज वाटून सोडायला हवं होतं. पण ती तेवढी एकच वेळ तिची होती. एका दुपारी ती पडद्यावरच्या विमानतळाच्या धावपट्टीवर यंत्र अधांतरी धरून होती आणि मागून आवाज आला.

"नाक उजवीकडे जातंय. डावा पाय दे."

तिने दचकून डावा पाय दाबला. नाक सरळ झालं.

"इतका नाही. नुसतं मनात आणायचं, पाय आपोआप जातो." बाबा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. "आणि तो दांडा असा का आवळलायस? दात उपटतेयस का कोणाचा?"

"मी उपटत नाही, बसवते."

"मग बसवल्यासारखा धर."

ते आत आले आणि स्टुलावर बसले.  "मदत बंद ठेवून?"

"हो."

"माझीही तूच बंद केलीस."

तिच्या हातातलं यंत्र डुचमळलं आणि जमिनीवर आदळलं. ती पडद्याकडेच बघत म्हणाली, "हो. मीच."

"मला वाटलंच. केवानला एवढं सुचत नाही."

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं? मदत चालू असल्याचं?"

"उभा जन्म त्यात घालवला मी. यंत्र आपणहून उभं राहिलं तर कळणार नाही मला?"

"मग बोलला का नाहीत?"

"पोरगा खुश होता."

गुलनारने दांडा सोडून दिला. "पोरगा खुश होता. आणि मी?"

"तू काय?"

"मी खुश आहे का, हे कधी विचारलंत? त्याला दांडा कसा धरायचा ते सांगितलंत, तेव्हा मी इथेच होते. हातात झाडू होता माझ्या. मला का नाही सांगितलं?"

बाबांनी थरथरणारा हात दुसऱ्या हाताने धरला. "तू कधी मागितलं नाहीस."

"मागावं लागतं?"

 माफी मागणं त्या माणसाला कधी जमलं नव्हतं आणि त्या दुपारीही जमलं नाही. थोड्या वेळाने ते वाकले, खुर्चीखालची पॅडल्स ओढून त्यांनी स्टुलासमोर घेतली आणि चपला काढून त्यावर पाय ठेवले.

"पाय अजून थरथरत नाहीत," ते म्हणाले. "घे वर."

ती वर घेऊ लागली. नाक उजवीकडे जाण्याच्या आतच त्यांचा पाय तिथे पोचला होता. यंत्र थोडं हललं, अंगावरची धूळ झटकल्यासारखं, आणि उभं राहिलं.  त्या दुपारी त्यांनी विमानतळाला तीन चकरा मारल्या, एकदा कुंपणाला घासले आणि एकदा भांडले.

शुक्रवारी त्यांनी स्वतः केवानला फोन लावायला सांगितला.

"बाबा! सर्दी गेली?" केवानचा आवाज उडीच मारत आला. पडद्यावर त्याचं हेलिकॉप्टर शेजारी उभं होतं. "अरे वा, आज तर मस्त उचललंस. पण... मदत बंद दिसतेय."

"बंदच आहे. हात गुलनारचे, पाय माझे."

 मग केवान हसला, जरा उशिरा. "आबजी उडवतेय? कधीपासून?"

"तू झोपलेला असतोस तेव्हापासून," गुलनार म्हणाली.

"आणि मी काय करू मग?"

"तुझीही मदत बंद कर," बाबा म्हणाले, "आणि आमच्या मागे ये."

केवानने बंद केली. मग पडद्याच्या कडेला त्याचं यंत्र तीनदा गरागरा फिरून पडलं आणि गुलनार मोठ्याने हसली. तिला थांबवताच येईना. चौथ्या वेळी केवान म्हणाला, "बाबा, तू मला शिकवताना आबजी तिथे असायलाच हवी का?" त्या आवाजातली कुरकुर तिने चटकन ओळखली, इतकी वर्षं ती तिच्याच घशात अडकलेली होती. तिला त्याची कीव यायला हवी होती. आली, पण थोडी. गोडच जास्त वाटलं.

पुढे त्यांचं असं ठरलं, की शुक्रवारचा पहिला अर्धा तास केवानचा, त्याच्या मदतीच्या खुणांसकट, आणि तेव्हा गुलनारने खोलीत यायचं नाही. दुपारी तिच्या. बाबांचं दुखणं वाढत गेलं. वर्षभरात थरथर पायांतही उतरली. मग पॅडल्स पुन्हा गुलनारच्या पायाखाली आली आणि बाबा स्टुलावर बसून नुसते ओरडू लागले. अजून ओरडतात.

परवाच ती डोंगरातल्या एका अरुंद जागेत उतरत होती. चांगलं चाललं होतं. बाबा पेंगुळल्यासारखे बघत होते. मधेच म्हणाले, "काल केवान असल्याच जागी उतरला. हात मऊ आहे त्याचा, काही म्हण."

गुलनारचा हात हँडब्रेकवर एकदम जड झाला आणि हेलिकॉप्टर दगडांच्या दिशेने खाली गेलं.

"अगं, लक्ष कुठे आहे तुझं?"

"कुठे नाही," ती म्हणाली आणि पुन्हा वर घेऊ लागली.