दिपमालाचं गुलाबी नाव

धरणगावात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. माझं, म्हणजे ज्योतीअक्काचं, डोकं लवकर तापतं, हे गावाला माहीत आहे. पण आमच्या गल्लीतल्या दिपमालाच्या बाबतीत जे झालं, ते आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो.

ही पोर कुस्ती खेळते. बाप जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहतो. पोरींची वेगळी तालीम गावात नाही, म्हणून ती पोरांशीच लढत मोठी झाली. कान चेपून चेपून गोळा झालेत. बायका म्हणतात, कान झाकत जा गं बाई. ही केस आणखी वर बांधते.

माझ्या कॉम्प्युटरात एक अक्षर, म्हणजे फॉन्ट, आहे. जाडजूड, कडा तुटलेल्या, गिलावा पडलेल्या भिंतीसारख्या अंगभर चिरा. पोरं त्याला फाटकं अक्षर म्हणतात. जिम, कबड्डी, डीजे, कुठल्याही भाऊचा वाढदिवस, सगळ्यांना तेच हवं. लांबून वाचता येतं आणि मार खाऊनही उभं राहिल्यासारखं दिसतं.

यात्रेतल्या कुस्त्यांचा फ्लेक्स करायला कमिटीचे भाईदासनाना आले. पोरांची नावं फाटक्या अक्षरात होती, तसंच मी दिपमालाचंही टाकलं. नाना अर्ध्या अहिराणीत म्हणाले, "ते बदल. पोरगीनं नाव शे, नाजूक दिखाले पाहिजे. गुलाबी कर, बाजूला फूल टाक."

"नाना, ती कुस्ती खेळणार आहे की हळदीकुंकवाला चाललीय?"

"जमत नसेल तर तिची कुस्तीच काढतो."

दिपमालाला फोन लावला. ती म्हणाली, "छाप अक्का. माले लढनं शे." छापलं. चरफडत छापलं.

समोर भुसावळची पोर, अंगानं हिच्या दीडपट. दिपमालानं धोबीपछाड टाकून तिला आसमान दाखवलं. बायकासुद्धा उठून ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी नाना पुन्हा हजर. अभिनंदनाचा फ्लेक्स पाहिजे, त्यात नानांचा फोटो मोठा. "माझं नाव त्या फाटक्या अक्षरात टाक. दणदणीत दिसू दे."

जन्मात कधी लंगोट बांधला नाही या माणसानं! "आणि तिचं?" मी विचारलं.

"गुलाबीच राहू दे."

मी माऊस बाजूला सारला. दिपमाला पेढे घेऊन दारात आली होती, तिनं सगळं ऐकलं. डबा टेबलावर ठेवून ती सरळ नानांसमोर उभी राहिली.

"मना कान देखा, नाना. हाऊ गुलाबी शे का?"

"अगं, उद्या स्थळं येतील तुला..."

"मंग मनं नाव काढी टाका."

"तुझंच तर अभिनंदन शे!"

"नाव टाकानं तर त्याच अक्षरमा. नही तर नको."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिचं नाव पुसून टाकलं. पडद्यावर नानांचा फोटो, नानांचं दणदणीत नाव आणि खाली 'हार्दिक अभिनंदन'.

"घ्या नाना," मी म्हटलं, "आता कोणाचं अभिनंदन, ते तुम्हीच सांगा. छापते लगेच."